मठातला दिवस आणि पाचारणाची पारख

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: कॅथलिक चिंतनशील मठात दिवस प्रत्यक्षात कसा जातो, आणि ज्याला एकांत आवडतो, प्रार्थनेत मन लागते, पण नोकरी आणि लोकव्यवहार नकोसा झाला आहे आणि थोडे नैराश्यही आहे, त्याने हे मठवासाचे पाचारण, म्हणजे त्या जीवनासाठी देवाने दिलेली हाक, समजावे का? मी संत बेनेडिक्ट यांच्या नियमाप्रमाणे चालणाऱ्या मठात राहतो आणि नवशिष्यांना, म्हणजे व्रते घेण्यापूर्वी शिकत असलेल्या नव्या मठवासीयांना, घडवण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी देता येतील असे मला वाटत नाही. पाचारणाची पारख भारावलेल्या क्षणी होत नाही. ती रोजच्या एकसारख्या दिवसात होते, आणि मठाचा दिवस ज्यांनी आखला त्यांना हे पक्के ठाऊक होते.

आधी एक खुलासा करतो. ज्या समुदायांचे मुख्य काम प्रार्थना हेच आहे, जे शाळा, रुग्णालये किंवा धर्मग्राम (एका चर्चभोवतीचा स्थानिक ख्रिस्ती समाज) चालवण्यासाठी स्थापन झालेले नाहीत, त्यांना चिंतनशील म्हणतात. पण ते सगळे एका साच्याचे नाहीत. बेनेडिक्ट यांचा नियम सहाव्या शतकातला आहे. त्याचेच अधिक काटेकोर पालन करावे म्हणून १०९८ मध्ये फ्रान्समधील सितो येथे सिस्टर्सियन परंपरा सुरू झाली, आणि सतराव्या शतकात ला त्राप मठात झालेल्या सुधारणेतून ट्रॅपिस्ट पुढे आले. संत ब्रुनो यांनी १०८४ मध्ये सुरू केलेले कार्थूजियन जवळजवळ एकांतवासी असतात. प्रत्येकाला स्वतंत्र छोटे घर, लागून बाग आणि कामाची जागा असते, जेवण भिंतीतल्या झरोक्यातून येते, आणि आठवड्यातून एकदा सगळे मिळून लांब फिरायला जातात तेव्हा मात्र ते मोकळेपणाने बोलतात. आविलाच्या संत तेरेसा यांनी १५६२ मध्ये सुरू केलेल्या सुधारित कार्मेल मठांत समुदाय मुद्दाम लहान ठेवला जातो, रोज दोन तास मूक प्रार्थना असते आणि रोज दोनदा एकत्र बसून गप्पांची वेळ असते, जी तेरेसांना प्रार्थनेइतकीच आवश्यक वाटत होती. संत क्लेअर यांच्या भगिनींचा भर दारिद्र्यावर आहे. पुढे मी जे लिहितो ते मुख्यतः बेनेडिक्ट यांच्या परंपरेविषयी आहे, परंतु पाचारणाविषयीचा भाग बहुतेक सर्वांना लागू पडतो.

दिवसाचा कणा म्हणजे प्रहरांच्या प्रार्थना. ट्रॅपिस्ट मठात साधारण साडेतीन-चारला उठण्याची घंटा होते आणि अंधारातच जागरणाची प्रार्थना सुरू होते: स्तोत्रे, बायबलमधील दीर्घ वाचन, एखाद्या प्राचीन धर्माचार्यांच्या लेखनातील उतारा, आणि मध्ये शांत बसण्याचा अवधी. त्यानंतरचा बराच वेळ ज्याचा त्याचा असतो, आणि जुन्या मठवासीयांना विचाराल तर बहुतेक जण हाच दिवसातला सर्वांत मोलाचा काळ म्हणून सांगतील. उजाडताना प्रभातप्रार्थना होते, तिला जोडून किंवा थोड्या अंतराने मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा मुख्य उपासनाविधी, होते. सकाळी कामाला लागण्यापूर्वी, मध्यान्ही आणि दुपारी अशा तीन छोट्या प्रार्थना असतात, दिवस कलताना सायंप्रार्थना असते, आणि रात्री साडेसात-आठच्या सुमारास शयनप्रार्थना होऊन पवित्र मरियेच्या गीताने दिवस संपतो. तेथून पहाटेपर्यंत महामौन. ही आखणी करताना बेनेडिक्ट यांनी दिवसातून सात वेळा स्तुती करण्याचा आणि मध्यरात्री उठण्याचा उल्लेख असलेल्या ११९व्या स्तोत्राचा आधार घेतला होता. त्या सातांपैकी पहिल्या प्रहराची प्रार्थना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये वगळली, म्हणून आज अनेक ठिकाणी एक प्रार्थना कमी दिसते. कार्थूजियन मात्र संध्याकाळी लवकर झोपतात, मध्यरात्रीच्या आधी उठून दोन-तीन तास चर्चमध्ये गातात आणि पुन्हा झोपायला जातात. रात्रीची झोप अशी दोन तुकड्यांत घेणे सर्वांना मानवतेच असे नाही.

वेळापत्रक पाहून लोकांना धास्ती वाटते ती पहाटे उठण्याची. ती सवय काही महिन्यांत होते. खरी अडचण घंटेची आहे. बेनेडिक्ट सांगतात की प्रार्थनेची खूण ऐकू येताच हातातले काम तसेच टाकून यावे आणि प्रार्थनेपेक्षा कशालाही अधिक महत्त्व देऊ नये. हिशेब अगदी जुळत आलेला असतो, यंत्राची दुरुस्ती शेवटच्या टप्प्यात असते, पुस्तकाच्या ऐन रंगलेल्या पानावर आपण असतो, आणि उठावे लागते. असे दिवसातून पाच-सहा वेळा, आणि मग वर्षानुवर्षे. आपले काम आपल्यावाचून अडत नाही हे मनाला कळायला फार वेळ लागतो, आणि कर्तबगार माणसाला तर अधिकच. मोठ्या जबाबदारीच्या नोकऱ्या सोडून आलेले उमेदवार उपास-तापास हसत सहन करतात आणि घंटेवर मात्र चिडतात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

स्तोत्रांविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण बाहेरून आलेल्याची कल्पना आणि प्रत्यक्ष यांत येथे सर्वाधिक अंतर असते. नियमाप्रमाणे १५० स्तोत्रे एका आठवड्यात म्हणून पूर्ण करायची असतात. आज अनेक मठ ती दोन आठवड्यांत किंवा त्याहून सावकाश म्हणतात. उमेदवाराला वाटते, प्रार्थना म्हणजे आपल्या मनातले देवासमोर ठेवणे. पण स्तोत्र आपल्या मनःस्थितीची वाट पाहत नाही. आपण आनंदात असताना विलापाचे स्तोत्र येते, आणि जिवलगाच्या मृत्यूची बातमी आलेल्या दिवशी विजयाचे. काही स्तोत्रांत शत्रूंविषयी असा संताप आहे की सुशिक्षित माणसाला ते म्हणताना संकोच वाटतो. हळूहळू लक्षात येते की आपण कोणा दुसऱ्याच्या वतीने म्हणत आहोत, जगात कोठेतरी आज ज्याला न्याय मिळालेला नाही अशा कोणाच्या वतीने. आणि आणखी काही काळाने हेही लक्षात येते की तो संताप आपल्यातही आहे. ज्याला प्रार्थनेतून केवळ मनःशांती हवी असते त्याला हे जड जाते. गोड गळा नसला तरी चालतो, शेजाऱ्याचा सूर ऐकण्याची तयारी मात्र लागते, कारण समूहात गाताना सर्वांत मोठा दोष बेसूरपणाचा नसून पुढे धावण्याचा असतो.

सामुदायिक प्रार्थनेच्या जोडीला पवित्र वाचन असते. हे अभ्यासाचे वाचन नव्हे. बायबलचा एक लहान उतारा सावकाश वाचायचा, मनात घोळवायचा, त्यातून प्रार्थना उमटली तर ती करायची आणि मग गप्प राहायचे. बाराव्या शतकातील कार्थूजियन प्रमुख दुसरे गिगो यांनी याच चार पायऱ्यांची शिडी सांगितली आहे. रोज किमान तासभर यासाठी असतो. त्यातून दरवेळी काही हाती लागेल अशी अपेक्षा ठेवणारे नवशिष्य दोन-तीन महिन्यांत निराश होतात, आणि त्या निराशेनंतरही जे रोज त्याच वेळी त्याच पुस्तकापाशी बसतात त्यांच्याविषयी मार्गदर्शकाला आशा वाटू लागते.

मग काम. आळस हा आत्म्याचा शत्रू आहे असे नियमात स्पष्ट म्हटले आहे, आणि मठ स्वतःच्या श्रमावर जगावा अशी त्याची अपेक्षा आहे. म्हणून कोठे शेती आणि गोपालन असते, कोठे चीज, मेणबत्त्या, मिस्सेसाठी लागणारी भाकर किंवा धर्मगुरूंची वस्त्रे तयार होतात, कोठे पुस्तकबांधणी चालते. बेल्जियममधील वेस्टमाले, ओर्वाल, वेस्टव्लेटरेन येथील ट्रॅपिस्टांची बिअर आणि कार्थूजियनांचे शार्त्रूज मद्य जगप्रसिद्ध आहे (पाहुण्यांचा पहिला प्रश्न बहुधा त्याबद्दलच असतो). मागणी कितीही वाढली तरी उत्पादन मठाच्या गरजेपुरतेच ठेवणे हा यातला अवघड भाग आहे. माल विकताना लोभ शिरू नये म्हणून बाहेरच्यांपेक्षा किंचित कमी दराने विकावे असेही नियमात सांगितले आहे, आणि मठाच्या भांडाऱ्याने सगळी भांडीकुंडी आणि अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांसारखी मानावीत असेही. तरीही दिवसाचे बरेचसे काम अगदी साधे असते: स्वयंपाक, वाढप, कपडे धुणे, वृद्धांची शुश्रूषा. ज्या मठांत नव्याने येणारे कमी आणि वृद्ध अधिक आहेत, तेथे तरुण मठवासीयाचा मोठा वेळ रुग्णसेवेत जातो. चिंतनाचे जीवन म्हणून आलेल्याला हे कोणी आधी सांगितलेले नसते, म्हणून मी सांगतो.

मौनाविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. मौनाचे व्रत असे काही नाही, ट्रॅपिस्टांतही नाही. बेनेडिक्ट यांच्या नियमानुसार व्रते तीन: त्याच मठात आयुष्यभर टिकून राहणे, मठवासी जीवनाला साजेसे आपले वागणे बदलत जाणे, आणि आज्ञापालन. दारिद्र्य आणि ब्रह्मचर्य दुसऱ्यात येतात. इतर संघांत दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी ती मांडली जातात. मौन ही शिस्त आहे. कामापुरते बोलता येते, पाहुण्यांशी बोलता येते, मार्गदर्शकाशी तर बोलावेच लागते. भोजनगृहात सगळे गप्प जेवतात आणि एक जण मोठ्याने पुस्तक वाचतो. मौनाची खरी अडचण अशी की त्यात गैरसमज दूर करण्याची सोपी वाट बंद होते. सकाळी कोणी आपल्याकडे रोखून पाहिले असे वाटले, तर संध्याकाळपर्यंत मन त्याची मोठी कथा रचते. प्रत्यक्षात त्या बिचाऱ्याची दाढ दुखत असते.

आणि आता मुख्य मुद्दा. एकांत आवडतो म्हणून मठात यायचे, हे कारण ऐकले की मी सावध होत असे. मठ हा एकांताचा जितका, त्याहून अधिक सहवासाचा आहे. आपण न निवडलेल्या, वेगळ्या वयाच्या, वेगळ्या स्वभावाच्या दहा-वीस माणसांबरोबर तेच भोजनगृह, तेच प्रार्थनामंदिर आणि अखेर तीच दफनभूमी. टिकून राहण्याच्या व्रताचा अर्थच हा की न पटणाऱ्या माणसापासून दूर जाण्याचा मार्ग आपण स्वतः बंद करतो. नियमात ज्येष्ठता वयाने किंवा पदवीने ठरत नाही, प्रवेशाच्या वेळेने ठरते, त्यामुळे पन्नाशीत आलेला प्राध्यापक पंचविशीतल्या मुलाच्या खालच्या जागेवर बसतो. लिझ्यूच्या संत तेरेझ १८८८ मध्ये, पंधराव्या वर्षी, कार्मेल मठात गेल्या आणि १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी वारल्या. मठाबाहेर कधीच न गेलेल्या या तरुणीला चर्चने १९२७ मध्ये मिशनकार्याची आश्रयदात्री घोषित केले. तिने स्वतः लिहून ठेवले आहे की मूक प्रार्थनेच्या वेळी मागे बसणारी एक भगिनी सतत विचित्र बारीक आवाज करी आणि तो असह्य होऊन तिला घाम फुटे. कपडे धुताना समोरची भगिनी घाण पाण्याचे शिंतोडे तोंडावर उडवी. तिने आवाजाकडे कान बंद करण्याऐवजी तो नीट ऐकायचे ठरवले, तोच जणू देवाला अर्पण करण्याचे संगीत आहे असे मानून. वाचताना हे गोड वाटते, पण रोज संध्याकाळी, वर्षानुवर्षे करायला लागले की त्यातली कठोरता समजते.

दुसरी परीक्षा कंटाळ्याची. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इव्हाग्रियस यांनी तिचे जे वर्णन केले ते आजच्या कोणत्याही नवशिष्याला लागू पडेल. सकाळी दहाच्या सुमारास ती येते आणि दुपारपर्यंत पिच्छा सोडत नाही. सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. साधक पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, कोणी भेटायला येत आहे का म्हणून बाहेर डोकावतो, जागेचा आणि कामाचा त्याला तिटकारा येतो. मग वाटते की येथील बंधूंमध्ये प्रेमच उरलेले नाही, दुसरीकडे साधना अधिक सोपी होईल, घरचे लोक आठवतात, आणि पुढचे आयुष्य किती लांब आहे ते दिसू लागते. बहुतेकांना पहिल्या वर्षाच्या उत्साहानंतर हे गाठते. उपाय नाट्यमय नाही: खोलीतच थांबायचे, ठरलेले काम करायचे, मार्गदर्शकाला खरे सांगायचे, आणि त्या अवस्थेत असताना निघून जाण्याचा निर्णय घ्यायचा नाही. निर्णय घ्यायचाच असेल तर मन निवळल्यावर घ्यावा. निवळल्यावरही जावेसे वाटले तर ते बहुधा खरे असते.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि चर्च तो वेळ सक्तीने देते. १९८३च्या धर्मसंहितेनुसार सतरा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय नवशिष्य होता येत नाही, नवशिष्यकाल किमान बारा महिन्यांचा असावा लागतो, त्यानंतरची तात्पुरती व्रते किमान तीन वर्षांची असतात, आणि एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय आजीवन व्रत घेता येत नाही. चिंतनशील भगिनींसाठी २०१८ मध्ये व्हॅटिकनने ही मुदत आणखी वाढवली: पहिल्या परिचयापासून आजीवन व्रतापर्यंत किमान नऊ, जास्तीत जास्त बारा वर्षे. नवशिष्य केव्हाही परत जाऊ शकतो, आणि मठही त्याला परत पाठवू शकतो. बेनेडिक्ट यांनी तर येणाऱ्याला सहज आत घेऊ नये, चार-पाच दिवस दारात थांबवून त्याची चिकाटी पाहावी असे सांगितले आहे, आणि मग वर्षभरात तीनदा संपूर्ण नियम वाचून दाखवावा म्हणजे आपण कशात शिरत आहोत हे त्याला कळेल. व्रताच्या दिवशी तो आपले व्रतपत्र स्वहस्ते लिहून वेदीवर ठेवतो. त्याचे जुने कपडे मात्र मठ जपून ठेवतो, पुढे कधी जायचे झाले तर परत देता यावेत म्हणून. मला हा तपशील संपूर्ण नियमातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

पारख करताना मार्गदर्शकाने काय पाहावे तेही नियमात आहे: हा माणूस खरोखर देवाला शोधतो आहे का, प्रार्थनेची, आज्ञापालनाची आणि कमीपणा पत्करण्याची त्याला ओढ आहे का. नोकरीचा वीट, मोडलेले लग्न, घरातील भांडणे, जगाबद्दलची चीड ही कारणे माणसाला दारापर्यंत आणू शकतात, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण त्यांच्या बळावर तो आत टिकत नाही, कारण ज्याला कंटाळून तो आला ते सारे लहान आकारात आतही असते. याउलट, ज्याचे बाहेर बरे चालले आहे, ज्याला मित्र आहेत, ज्याला लग्न करून सुखी होता आले असते आणि तरीही ही ओढ काही वर्षे जात नाही, त्याच्याकडे मी अधिक लक्ष देत असे. आणखी एक खूण मी पाहत असे. वर्षभरानंतर हा नवशिष्य अधिक दयाळू झाला आहे का? प्रार्थनेत काय अनुभव आले यापेक्षा ही गोष्ट मला जास्त सांगून जाते. विनोदबुद्धी शाबूत असणे हेही चांगले लक्षण.

प्रश्नात नैराश्याचा पुसटसा उल्लेख आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: औषधोपचार चालू असतील तर ते थांबवून मठात जाऊ नका आणि मठापासून ते लपवूही नका. अनेक मठ प्रवेशापूर्वी वैद्यकीय आणि मानसिक तपासणी करतात. मौन आणि एकांत मनाच्या जखमा आपोआप भरून काढत नाहीत, कधी कधी त्या उघड्या करतात. तसेच ज्यांच्यावर फेडता न येणारे कर्ज आहे त्यांना मठाने घेऊ नये असा चर्चचा नियम आहे, आणि वैवाहिक बंधन कायम असेल तर प्रवेश मिळत नाही. आईवडील पूर्णपणे तुमच्या आधारावर असतील तर प्रतीक्षा करणे हा पाचारणाचा अव्हेर ठरत नाही.

सुरुवात कशी करावी? नोकरी सोडू नका. तुमच्या धर्मग्रामातील धर्मगुरूंना किंवा ज्यांच्यापाशी तुम्ही पापनिवेदन करता त्यांना विश्वासात घ्या. एखाद्या मठाच्या पाहुण्यांच्या विभागाला साधे पत्र लिहा: वय, शिक्षण, चर्चशी असलेला संबंध, आणि काही दिवस राहून प्रार्थनेत सहभागी होण्याची इच्छा. पाचारणाचा दीर्घ इतिहास पहिल्याच पत्रात लिहू नये. निदान दोन वेगळ्या परंपरांचे मठ पाहा, आणि त्यातला एक सणासुदीला नव्हे तर अगदी सामान्य आठवड्यात. तेथे असताना केवळ प्रार्थनामंदिरात बसू नका, भांडी घासायला किंवा बागेत काम मागा, आणि वृद्ध मठवासीयांकडे लक्ष द्या: चाळीस-पन्नास वर्षे हे जीवन जगून ते कडवट झाले आहेत की मोकळे, यावरून त्या घराविषयी बरेच कळते. परतल्यावर दोन-तीन महिने काहीही ठरवू नका. या काळात घरीच सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक वेळी स्तोत्रे म्हणा, मन असो वा नसो, आणि घरातल्या ज्या माणसाशी जमत नाही त्याच्याबरोबर जेवायला बसा. मग पुन्हा त्याच मठात, या वेळी अधिक दिवसांसाठी जा आणि उमेदवारांच्या मार्गदर्शकांना भेटण्याची वेळ मागा.